घंटा आणि ओवी

वाशीम जिल्ह्यात देवाला विसरणं अवघड आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, शिवाय जैन भट्टारकांचं जुनं पीठ. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी देशभरातून बंजारा समाज लोटतो. मंगरूळपीरच्या तर नावातच पीर. आसेगावसारख्या इथल्या कुठल्याही बऱ्यापैकी गावात पहाटेपासून रात्रीपर्यंत कुठे ना कुठे कुणाची तरी आळवणी चाललेली असते. या गजबजाटात विखुरलेल्या मूठभर ख्रिस्ती कुटुंबांनी, जवळपास चर्च नसताना आणि रोजच्या कामाचा रगाडा संपत नसताना, मन ख्रिस्ताशी कसं लावून ठेवलं? मिशनच्या जुन्या अहवालांत बाप्तिस्म्यांचे आकडे मिळतात, कोनशिलांच्या तारखा मिळतात, देणगीदारांची नावं मिळतात. सोमवार ते शनिवारचा हिशेब मात्र कुणी ठेवलेला नाही. तो इकडून तिकडून जुळवावा लागतो.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. तेव्हाचं बासीम, म्हणजे आजचं वाशीम, १९०५ पर्यंत जिल्ह्याचं ठिकाण होतं. पुढे ते अकोल्यात विलीन झालं आणि १९९८ साली पुन्हा जिल्हा झालं. मिशनरी इथे उशिरा पोचले. नागपुरात स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकातच काम करू लागले होते. वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे अचलपूरला, अमेरिकन मिशनरी आले ते १८७० च्या दशकात. त्यानंतर अकोल्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, बासीमला मेथॉडिस्ट, आणि १८९० च्या दशकाच्या शेवटी बुलढाण्यात ज्यांचं पुढे नाझरीन मंडळीत रूपांतर झालं ते लोक, अशी वाटणी होत गेली. प्रत्येकाच्या वाट्याला शेकडो गावं आणि हाताशी मोजकी माणसं.

त्यात ही काळी जमीन. पाऊस लागला की बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. म्हणून मिशनरी आणि त्यांचे मराठी सहकारी गावोगाव हिंडायचे ते हिवाळ्यात. तंबू, कंदील, पुस्तकांची पेटी गाडीत घालून निघायचं, आठवडी बाजारात उभं राहून गायचं, बोलायचं, शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका पैशा-दोन पैशाला विकायच्या, आणि उन्हं तापायच्या आत परत फिरायचं. एखाद्या गावच्या कुटुंबाला पाळक वर्षातून एकदा-दोनदा भेटला तर नशीब. प्रभुभोजन तेव्हाच. बाकीच्या वेळी पेरणी, निंदण, वेचणी, सावकार, आजारपण, सोयरीक, आणि या सगळ्यातून सवड काढून जमेल तसा देव.

या पेचातून मिशनने काढलेली एक वाट म्हणजे घंटा.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाड पोखरून काढला. अनाथ पोरं शेकड्यांनी मिशनच्या दारात आली. अलायन्सची मुलांची अनाथालयं अकोल्याला, मुलींची खामगावला चालली. आवारातला दिवस घंटेवर चालायचा: उठण्याची, प्रार्थनेची, शाळेची, कामाची, जेवणाची आणि पुन्हा प्रार्थनेची. उपाशी आणि घाबरलेल्या पोरांना त्या शिस्तीने जगवलं, हे नाकारता येत नाही. पण एक गोष्ट राहून गेली. याच पोरांची पुढे लग्नं झाली, काहीजण शिक्षक आणि प्रचारक होऊन खेड्यांत गेले, आणि तिथे घंटा वाजवायला कुणी नव्हतं. ज्यांची प्रार्थना आवारातल्या गजराला बांधलेली होती, त्यांना घरी ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली असणार.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनातही घंटा होतीच. रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून दुष्काळग्रस्त मुली आणल्या, तेव्हा तिथे माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्या मोठ्या घराला वेळापत्रक हवंच. पण रमाबाईंना त्याची मर्यादा ठाऊक होती. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुलींना विचारलं, की नेहमीच्या उपासनेखेरीज रोज वेगळं जमून कोण प्रार्थना करील? आपखुशीने सत्तरजणी पुढे आल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेवर गेला आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. महिनाअखेरीस मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण उसळलं, ते जगभरच्या ख्रिस्ती वर्तमानपत्रांत गाजलं आणि त्याचे पडसाद वऱ्हाडातल्या मिशन शाळांतही उमटले.

जागरणाची वर्णनं वाचताना लोक रडण्या-ओरडण्याच्या, ज्वाळा दिसल्याच्या कहाण्यांशी थांबतात. त्या काळच्या मिशनऱ्यांतही त्यावरून वाद झाले. खरं तर त्याआधीचे पाच-सहा महिने अधिक विचार करण्याजोगे आहेत. त्या मुली दिवसभर माग चालवत होत्या, शेतात राबत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, ते याच छापखान्यात, याच हातांनी छापलं गेलं. रमाबाई १९२२ साली गेल्या; भाषांतर मरणापूर्वी त्यांनी पुरं केलं होतं. शास्त्राची ओळ न् ओळ उलट्या खिळ्यांत लावणाऱ्या मुलीला वेगळं मनन करायची गरज किती उरत असेल, कोण जाणे!

दुसरी वाट घंटेहून तीनशे वर्षांनी जुनी आहे आणि ती गोव्यातून येते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरले. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची पुराणं धर्मांतराबरोबर गेली होती. देवळातलं कीर्तन गेलं, घरचं पोथीवाचन गेलं. तोंडात घोळवायला काहीच राहिलं नव्हतं. स्टीफन्स यांनी अकरा हजारांच्या आसपास ओव्या रचल्या. आदामापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात आली. रायतूरला १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, आणखी दोनदा छापलं गेलं, आणि रविवारी, सणावारी चर्चमध्ये वाचलं जाऊ लागलं. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचं फर्मान काढलं. त्या पहिल्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी पुराण टिकलं. कशामुळे? लोकांनी हाताने नकला केल्या, मंगळूरकडे स्थलांतर करताना त्या सोबत नेल्या, आणि १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणांनी अशाच हस्तलिखितांवरून मंगळूरला नवी आवृत्ती काढली. राजसत्तेने भाषेवर बंदी घालावी आणि पुस्तकाने घराघरांत दडून बसावं, असा हा प्रकार.

वसईतही साधारण असंच घडलं. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये किल्ला घेतला, बहुतेक पोर्तुगीज पाद्री निघून गेले. गावकऱ्यांनी दिवेलागणीला माळ जपणं सोडलं नाही. आजही वसईच्या गावठाणांतल्या क्रुसांपाशी संध्याकाळी मेणबत्ती दिसते.

गोवा-वसईच्या कॅथलिक परंपरेचा वऱ्हाडातल्या प्रॉटेस्टंट खेड्यांशी थेट संबंध फारसा नव्हता. पण छंदाचं गुपित त्यांनाही सापडलं, आणि ते शोधून देणाऱ्या माणसाची गाडी विदर्भातूनच वळली. नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचं काम करत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि त्यातून ते बाहेर पडलेच नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत.

टिळक येण्याआधी मराठी चर्चमध्ये गाणी नव्हती असं नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. पण रविवारच्या उपासनेवर राज्य होतं ते भाषांतरित इंग्रजी गीतांचं. चाल लंडनची किंवा बॉस्टनची, शब्द मराठी. स्वर लांबवायचा तिथे ऱ्हस्व अक्षर आणि आखडायचा तिथे दीर्घ. ते भांडण काही मंडळ्यांत आजही दर रविवारी ऐकायला मिळतं. असलं गीत ऑर्गनच्या आधाराने, पुस्तक हातात धरून, उभं राहून म्हणता येतं. निंदताना म्हणता येत नाही.

टिळकांचे अभंग आणि भजनं निंदताना म्हणता येत होती. हा त्यांच्या प्रतिभेचा मोठा पण कमी बोलला गेलेला गुण. वारकरी भजनाची चाल गावात सगळ्यांच्या कानात होती, ख्रिस्ती झालेल्यांच्याही. टाळ, मृदंग, एकतारी घरात होती किंवा शेजारी. अक्षरओळख नसलेल्या बाईला दोन-तीनदा ऐकून पद पाठ व्हायचं. ‘उपासना संगीत’ या मराठी प्रॉटेस्टंटांच्या गीतसंग्रहात टिळकांच्या रचना शेकड्यांनी आहेत, त्या केवळ चांगल्या कविता आहेत म्हणून नव्हे, तर लोकांनी त्या वापरून वापरून गुळगुळीत केल्या म्हणून. पाळक नसलेल्या गावात पाळकाचं अर्धं काम या पदांनी केलं.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या या बाई स्वतः कीर्तनं करत, आणि टिळकांच्या हातून अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरं केलं. टिळकांना वेळेचं, पैशाचं, जेवणाचं भान नसे. ते भान त्यांच्या वाट्याचंही लक्ष्मीबाईंना ठेवावं लागे. ईश्वरात रमलेला कवी आणि त्याच्या घरातली चूल पेटती ठेवणारी बायको, या दोघांपैकी रोजच्या जगण्यातली भक्ती कुणाला अधिक कळली होती, असा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पडतोच. त्यांना विचारलं असतं, तर बहुधा लक्ष्मीबाईंनी हसून विषय बदलला असता.

आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळेच बसू शकणार होते. मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार तिथेच थांबला. त्यांचं चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी पुढे ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम पुण्यात उभारला. खादी, साधं जेवण, ठरलेल्या प्रहरांची प्रार्थना असं तिथलं जीवन होतं. व्हेरियर एल्विन हिंदुस्थानात पहिल्यांदा आले ते याच संघात. पण हा प्रयोग शिकलेल्यांचा होता. वऱ्हाडातल्या बाईला आश्रमात जाऊन बसायला सवड कुठली?

तिची सवड पहाटे होती, जात्यापाशी. मराठी बायकांनी जात्यावर काय काय सांगून ठेवलंय याचा अंदाज हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी गोळा केलेल्या लाखावर ओव्यांवरून येतो. माहेर, भाऊ, विठ्ठल, आंबेडकर, सगळे त्या जात्यातून गेले. दळण हे एकटीचं किंवा दोघींचं, अंधारातलं, रोज चुकवता न येणारं काम. हात गुंतलेले, तोंड मोकळं. ध्यानाला याहून चांगली जागा कुठल्या मठात असेल असं वाटत नाही. ख्रिस्ती झालेल्या घरातून जातं काही उचललं गेलं नव्हतं. मिशनने शिकवलेल्या प्रार्थनेपेक्षा जात्याची सवय जुनी होती, आणि शहाण्या बायबलबाया, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र शिकवणाऱ्या ख्रिस्ती स्त्रिया, हे जाणून बायकांच्या कामापाशीच जाऊन बसत.

मग गावात पिठाची गिरणी आली. पट्ट्याचा फटफट आवाज सुरू झाला आणि तासाभराचं काम पाच मिनिटांत होऊ लागलं. कंबर मोडणाऱ्या कष्टातून सुटका झाली, त्याबद्दल गिरणीला दुवाच द्यायला हवा. पण त्यासरशी पहाटेचा तो तासही गेला. धर्मांतर, राजवट, मिशनऱ्यांचं येणं-जाणं यांनी जेवढा फरक पडला नाही, तेवढा एका डिझेल इंजिनाने पडला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. त्यानंतर प्रार्थनेचा भार आला तो दिवेलागणीवर.

दिवेलागणीची घरगुती प्रार्थना ही विदर्भातल्या ख्रिस्ती कुटुंबांची मुख्य परंपरा, आणि तिचा घाट ठरलेला: एक गीत, शास्त्रपाठ, आजारी आणि परगावी गेलेल्यांसाठी मध्यस्थी, शेवटी प्रभूची प्रार्थना. मिशन शाळेत शिकलेल्या पोराने मोठ्याने वाचायचं आणि आजीने ऐकायचं, अशी उलटी गुरु-शिष्य परंपरा त्यातून तयार झाली. पीक घरात आलं की उपकारस्तुतीचा सण. वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी सीतादही करून होते. शेताच्या धुऱ्यावर दहीभात ठेवला जातो. मिशनने असे विधी बंद करायला सांगितले आणि मोकळी जागा तशीच ठेवता येत नाही हे लवकरच त्यांच्या लक्षात आलं. धान्य, कोंबडी, कापूस वेदीसमोर आणून वाहण्याची चाल त्या जागी बसली.

वाशीमची गोष्ट १९३० च्या दशकात वेगळं वळण घेते. मेथॉडिस्टांनी इथलं काम नाझरीन मंडळीकडे सोपवलं. १९३६ मध्ये अमेरिकेहून डॉ. ऑर्फा स्पायकर आल्या आणि १९३८ साली मुलींच्या शाळेच्या रिकाम्या इमारतीत रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाडीत अंथरूण टाकून बाळंतिणी, साप चावलेले, क्षयाचे रोगी येऊ लागले. नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं.

मिरजेला १८९४ मध्ये रुग्णालय काढणारे डॉ. वानलेस शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करत, ही गोष्ट मराठी मुलखात प्रसिद्ध होती, आणि मिशन रुग्णालयांत दिवसाची सुरुवात सामुदायिक प्रार्थनेने करण्याचा प्रघात सगळीकडे आहे. पण नर्सचं दुखणं निराळं. तिला रविवार नसतो. रात्रपाळी संपवून आलेली बाई उपासनेत डुलक्या घेणार, आणि उपासना चालू असताना वॉर्डात कुणीतरी थांबायलाच हवं. तेव्हा देवाकडे लक्ष ठेवायचं तर ते सलाइन लावताना, बेडपॅन उचलताना ठेवावं लागतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी हेच सांगत होता: भांड्यांच्या खणखणाटात आणि वेदीपुढे गुडघे टेकल्यावर त्याला फरक जाणवत नसे. तो १६९१ मध्ये वारला. त्याची पत्रं आणि संभाषणं अजून छापली जातात. १९३० च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये फ्रँक लॉबाक यांनी तर मिनिटामिनिटाला देवाची आठवण ठेवता येते का, याचा स्वतःवर प्रयोग केला आणि पत्रांतून त्याचा हिशेब लिहिला. हेच लॉबाक पुढे प्रौढ साक्षरतेच्या कामासाठी हिंदुस्थानात आले. मिनिटांचा हिशेब म्हणजे पुन्हा घंटाच, फक्त ती मनात बांधलेली. लॉरेन्सची तऱ्हा ओवीच्या अधिक जवळची.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर विदर्भातल्या वस्त्यांचं रूप पालटलं. नागपूरला आंबेडकरांच्या बौद्ध दीक्षेनंतर गावोगावी बुद्धविहार झाले. ख्रिस्ती कुटुंबं बहुतेक ठिकाणी त्याच वस्त्यांत, त्याच नात्यागोत्यात राहत होती. एका घरी त्रिशरण, शेजारी प्रभूची प्रार्थना, आणि दोन्ही घरांत एकाच आजोबांचा फोटो, हे दृश्य इथे नवलाचं नाही. मिशनच्या अहवालांत याला काय म्हणावं ते सुचत नसे. गावात त्याला भावकी म्हणतात. पाळकांचं म्हणाल, तर १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झालेलं युनियन बिब्लिकल सेमिनरी मराठी पाळक घडवत होतं, पण तेही १९८३ साली पुण्याला गेलं. शिकलेली पोरंही त्याच वाटेने गेली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि १२ एप्रिलचा ईस्टर देशभरातल्या चर्चना दारं बंद ठेवून करावा लागला. पुण्या-मुंबईच्या मोठ्या मंडळ्यांची धांदल उडाली: उपासना फोनवर कशी दाखवायची, प्रभुभोजनाचं काय, गीतांची पुस्तकं तर बाकांवरच राहिली. ज्या खेड्यांत पाळक पूर्वीपासून पंधरवड्याने किंवा महिन्याने येतो, तिथे ईस्टरच्या दिवशी गीत, शास्त्रपाठ, मध्यस्थी आणि प्रभूची प्रार्थना नेहमीसारखी घरीच झाली, आणि मध्यस्थीच्या यादीत शहरात अडकलेल्या पोरांची नावं वाढली.